आबासाहेबांचा डावा पाय

रुचिका पाया पडायला वाकली आणि आबासाहेबांनी पाय मागे ओढून घेतले... तिनं दुसरं लग्न केलं त्या दिवशी ओढले होते, तसेच! पण तेवढ्यात तिला दिसलं. डावा पाय भलताच सुजला होता.

"हे कधीपासून, आई?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"आठवडा झाला. ओटीपोट पण जड वाटतंय म्हणतात," विजयाबाई म्हणाल्या. "दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत गं... म्हणून तुला फोन केला."

तिचे सासरे आबासाहेब, म्हणजे महिपतराव, भिंतीकडे पाहत म्हणाले, "प्रोस्टेट काढून महिना झाला नाही, तर कॅन्सर परत आला. आता चिरफाड नको. आणि घर सोडून गेलेल्यांनी माझी फिकर करू नये!"

रुचिका तशीच त्यांच्या पायाशी बसून राहिली. त्यांचा मुलगा, तिचा पहिला नवरा विक्रमसिंह अपघातात गेल्यावर कितीतरी वर्षं ती याच घरात, या दोघांची लेक होऊन राहिली होती... पण ती काहीच बोलली नाही. याआधीही कधी बोलली नव्हती.

विजयाबाईंना मात्र राहवेना. "बस झालं! ती गेली नाही, मी पाठवली तिला! स्थळ मी शोधलं, हातापाया मी पडले. आपल्यामागे तिचं कोण होतं हो? तुमच्या भीतीनं मी गप्प बसले, आणि बोलणी या पोरीनं खाल्ली..." त्यांना हुंदका आवरेना.

महिपतरावांनी कितीतरी दिवसांनी सुनेकडे वळून पाहिलं.

"का नाही सांगितलंस?"

"आईंनी तेवढंच मागितलं होतं माझ्याकडे," ती डोळे पुसत म्हणाली. "आबासाहेब, चला ना. सोनोग्राफी तर करवून घेऊ."

ते निमूटपणे उठले.

रुचिकाचा नवरा समरजीत बाहेर गाडीतच थांबला होता; त्यानं गाडी फूलबागेच्या रस्त्यानं दवाखान्यात नेली. आबासाहेबांना नको वाटेल म्हणून तो स्वतः खालीच थांबला. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी शांतपणे समजावलं : कॅन्सर परतलेला नाही. ऑपरेशनच्या वेळी ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, काढल्या होत्या, त्या जागी लसीकेचं पाणी साचलंय. त्याचा दाब शिरेवर पडून पाय सुजला. बारीक नळी घालून ते काढता येईल.

दुपारी नळीतून फिकट पिवळं पाणी पिशवीत उतरू लागलं. महिपतराव डोळे मिटून पडले होते. डोळे उघडून म्हणाले,

"समरजीतराव कुठं आहेत?"

"खाली, गाडीत."

"सकाळपासून?" ते कष्टानं थोडे उठून बसले. "त्यांना वर बोलव, पोरी. जावयाला असं बाहेर बसवतात का आपल्याकडे?"