पहिल्या आंघोळीचं पाणी

खडकमाळ शहरातल्या घरांत नळ सोडला की पाण्याच्या आधी अक्षरं उमटत. नळाच्या मानेवर बोटभर काचपट्टी बसवलेली असे आणि येणारं पाणी कुठलं, ते तिच्यावर निळसर अक्षरांत दिसे. ‘जांभूळखोरे तलाव.’ कधी, ‘तलाव, थोडं उत्तरेच्या विहिरीचं.’ वृंदा लेकीची वाटी-चमचा विसळताना ते वाचायची, जसं कुणी शेजारून जाणाऱ्या माणसाकडे सहज बघावं तसं.

यामागचं विज्ञान तसं जुनंच. पाणी ज्या खडकातून झिरपतं त्याचे क्षार सोबत आणतं, आणि त्यातल्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाणही जागोजागी बदलतं. दोन झऱ्यांचं पाणी चवीला सारखं लागलं तरी आतून वेगळं असतं. या वेगळेपणाला लोक आता उगमखूण म्हणत. पट्टी ती खूण वाचायची आणि विसरायची नाही.

त्या दुपारी मात्र वृंदा घरी नव्हती. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, रंगांचे डाग पडलेल्या बाकावर ती बसली होती. पाणीमंडळाच्या निवडणुकीआधी चिठ्ठ्या टाकून दोन मतदार काढत, एक शहराकडचा आणि एक पाइपाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वाकी गावाचा. उमेदवारानं आधी काय काम केलं, दुसऱ्या गावांशी कसं जुळवून घेतलं, लोकांना किती खरं सांगितलं, हे तपासून दोघांनी मिळून एका ओळीचा शेरा लिहायचा. मतदानाच्या पडद्यावर तो उमेदवाराच्या नावाखाली दिसे. दोघांचं एकमत झालं नाही तर जागा कोरी राही.

वाकीकडून सगुणाबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकवाच्या. आल्या आल्या त्यांनी जमिनीवर पाय पसरले आणि वृंदाची दीड वर्षांची ओवी पायांवर आडवी घेतली.

“हिला पायावर घेऊन न्हाऊ घातलेली नाही,” त्या म्हणाल्या. “पाठ सांगते.”

“आई नाही हो मला, मावशी. मोबाइलवर बघून घातली.”

“मोबाइलनं तेल जिरवलं व्हय?”

वृंदा हसली. समोर भिंतीवर पारखीचा निकाल झळकत होता. पारखी म्हणजे मंडळाची सगळी इतिवृत्तं, सगळे व्हॉल्व्ह, सगळ्या तक्रारी वाचून गुण देणारी यंत्रणा. उमेदवार अनुसया वाकळे, सध्याच्या अध्यक्ष. सहकार्याचे गुण इतके, की मंडळात आजवर कुणाला मिळाले नव्हते. दीड वर्षापूर्वीच्या कोरड्या उन्हाळ्यात वाकी आणि खडकमाळ यांच्यात एक तक्रार नव्हती. पारदर्शकताही उत्तम.

“मग लिहून टाकू,” सगुणाबाई म्हणाल्या. “चांगली बाई आहे. आमचा झरा आटला तेव्हा दोनदा येऊन गेली. तेव्हाच सुनेला माहेरी धाडली मी. पोटुशी होती, घरात तिच्या आंघोळीला पाणी नव्हतं. तिकडंच बाळंत झाली, मग माझं पोरगंबी तिकडंच कामाला लागलं.” त्यांनी ओवीची टाच दाबली. “नातू फोनमध्ये दिसतो. फोनमध्ये न्हाऊ घालता येत नाही. हिची पहिली आंघोळ कुठं झाली गं?”

“इथल्या दवाखान्यातच. त्याच उन्हाळ्यात.”

ओवी कुरकुरायला लागली. सगुणाबाई तिला खांद्यावर टाकून व्हरांड्यात गेल्या. वृंदा एकटी उरली आणि तिला वाटलं, बघावं तरी लेकीच्या अंगावर पडलेलं पहिलं पाणी कुठलं होतं. तेव्हा घरोघरी पट्ट्या नव्हत्या. दवाखान्याच्या नळावर चाचणीसाठी एक बसवली होती; तिच्या पोटात काय साठलंय हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. पारखीलाही नाही, कारण ती फक्त मंडळाचे कागद वाचायची. वृंदानं भिंतीवरच्या पडद्यावर ती पट्टी उघडली आणि त्या आंघोळीची तारीख सांगितली.

‘वाकीचा झरा.’

काहीतरी चुकलं असेल म्हणून तिनं पुढचा दिवस विचारला. मग आठवडा. मग सगळा उन्हाळा. उत्तर तेच येत राहिलं. इतिवृत्तात त्या दिवसांसमोर लिहिलं होतं, ‘तलावातील राखीव साठा.’

ती उठली, खिडकीशी गेली, परत बसली. बाहेरून सगुणाबाईंचं गुणगुणणं आणि ओवीचं खिदळणं ऐकू येत होतं. शेरा लिहिणाऱ्यांना उमेदवाराला कधीही बोलावता येई, आणि अनुसयाबाई शेजारच्याच वर्गात थांबल्या होत्या. वृंदानं त्यांना बोलावून घेतलं. त्या आल्या, भिंतीवरची अक्षरं वाचली आणि खुर्ची असून उभ्याच राहिल्या.

“झरा आटला नव्हता,” वृंदा म्हणाली.

“नाही.”

“मग?”

“झऱ्यावरच्या बंद टाकीचा व्हॉल्व्ह इकडे फिरवला. वाकीला जेमतेम पिण्यापुरतं ठेवलं. त्यांच्या सरपंचांनी आणि मी ठरवलं. तलावाचा तळ उघडा पडला होता, वृंदा. आधी मंडळाच्या भर सभेत मागितलं होतं मी. वाकीचे सभासद उठून गेले. सरपंच नंतर म्हणाले, देतो, पण गावाला कळता कामा नये, गाव मला उभं राहू देणार नाही.”

“आणि सहकार्याचे गुण?”

“मी मागितले नाहीत. तक्रार आली नाही म्हणजे गाव राजी, असं पारखी धरते.”

“त्यांना माहीतच नव्हतं तर तक्रार कशी करतील?”

अनुसयाबाईंनी भिंतीवरच्या इतिवृत्ताच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “राखीव साठा हे खोटं मीच लिहिलं. तू शेऱ्यात लिहिलंस तर मी नाकारणार नाही. एवढंच सांगते, समोरच्या उमेदवाराच्या सगळ्या सभा लख्ख आहेत, आणि त्यातल्या एकाही सभेतून कुणाला वाटीभर पाणी मिळालेलं नाही. यंदाचाही अंदाज कोरडाच आहे. तेव्हा दवाखान्यात बाळंतिणी होत्या.”

“मी होते,” वृंदा म्हणाली.

त्या गेल्यावर वृंदा भिंतीकडे बघत राहिली. ती अक्षरं एका बोटानं मिटवता आली असती. पारखीनं विचारलं नव्हतं, सगुणाबाई शेरा लिहायला तयार होत्या. येत्या उन्हाळ्यात ओवीला पाणी देऊ शकेल अशी बाई निवडून आली असती. आणि वाकीत लोक म्हणत राहिले असते, झऱ्यानं दगा दिला. तिचं बोट पडद्यापर्यंत गेलंही. तेवढ्यात सगुणाबाई आत आल्या. ओवी त्यांच्या मानेत तोंड खुपसून झोपली होती आणि त्या पाऊल न वाजवता चालत होत्या.

वृंदानं हात मागे घेतला.

“मावशी, बसा. तुमचा झरा आटला नव्हता.”

तिनं सगळं सांगितलं. मधे थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून दवाखान्यापर्यंत, ओवीच्या आंघोळीपर्यंत एका दमात सांगितलं. सगुणाबाईंनी भिंतीवरची तारीख दोनदा वाचली. त्यांचा हात ओवीच्या पाठीवर थोपटत होता, तो थांबला. वृंदाला वाटलं, आता त्या पोर खाली ठेवतील. तिनं घ्यायला हात पुढे केले.

“राहू दे. झोपमोड होईल,” सगुणाबाई म्हणाल्या.

मैदानात घंटा झाली, मुलांचा गलका उठला आणि ओसरला.

“शेरा काय लिहायचा ते तुम्ही सांगा,” वृंदा म्हणाली. “मी अडवणार नाही.”

“सरपंचाच्या दारात गेले होते मी तेव्हा. सून पोटुशी आहे म्हणलं. तो म्हणला, झऱ्यापुढं कुणाचं चालतंय.” त्यांनी ओवीचं टाळूवरचं जावळ एका बोटानं नीट केलं. “इथं बाळंतिणी आहेत, असं मला कुणी येऊन सांगितलं असतं, तर दिलं असतं बघ मी. माझ्या वाटणीचं तरी.” त्या थबकल्या. “आता म्हणते मी असं. ही कुशीत आहे म्हणून म्हणते. तेव्हा घरात सून होती.”

वृंदानं शेऱ्याची चौकट उघडली. रिकामी ओळ भिंतीवर लुकलुकायला लागली.

सगुणाबाई तिच्याकडे बघत होत्या, पण बोलल्या त्या झोपलेल्या पोरीशी बोलावं इतक्या हळू.

“विचारलं असतं तर मी हो म्हणले असते का नाही, हे मला आता कोण सांगणार?”