मेट्रनबाईंची जागा

वीस दिवसांच्या तापातून उठल्यावर वहिनी पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा तिने सगळं नेहमीसारखंच केलं. सकाळी पावणेसातला शटर गुडघ्याइतकं वर केलं, वाकून आत शिरली, भाजणीचं यंत्र तापत ठेवलं आणि कच्च्या कॉफीबियांचं पोतं ओढलं. वहिनी ती तिच्या नणंदेची. पण दुकानात हाताशी असणाऱ्या या नणंदेचा आवाज असा खणखणीत, की वर्षभरात सगळी गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणायला लागली होती.

दुकान सहा टेबलांचं. त्याच रस्त्यावर मोठाल्या कंपन्यांची चकचकीत कॉफीची दुकानं होती, त्यांच्यासमोर हे टिकून होतं ते एकाच गोष्टीवर. वहिनी बिया स्वतः भाजायची आणि नाकाने भाजायची. यंत्राला काटे होते, आकडे होते, पण तिने त्यांच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आधी ओल्या गवताचा वास यायचा, मग पाव भाजल्याचा, मग साखर करपायला लागल्याचा. तो तिसरा वास आला की आठ-दहा सेकंदांत बिया बाहेर. त्यापुढे उशीर झाला तर कोळसाच.

त्या सकाळी तिला कसलाच वास आला नाही.

तापात नाक गेलंय हे तिला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याने येईल, वर्षाने येईल, कुणाकुणाचं येतही नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नणंदेला तर नाहीच, कारण नणंदेच्या पोटात काही राहत नसे आणि दुपारपर्यंत ते रस्त्याच्या त्या टोकाला पोचलं असतं. वाटलं होतं, यंत्रासमोर उभं राहिलं की येईल आपोआप. पण बिया गरागरा फिरत होत्या, रंग काळपट होत चालला होता, आणि बिया बाहेर सोडायचा दांडा कधी ओढायचा ते वहिनीला कळत नव्हतं. दुकान गेलं तर आपल्याला दुसरं काही येत नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

"आता काढ," मागून कुणीतरी म्हणालं.

वहिनीने दांडा ओढला. बिया खालच्या थाळ्यात सळसळत पडल्या. अगदी हव्या त्या रंगाच्या.

कोपऱ्यातल्या टेबलाशी मेट्रनबाई बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचा वॉर्ड चालवला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ड्यूटीची सवय सुटली नव्हती. सकाळी सातला त्या हजर असायच्या. इतकं खडूस गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. बसायच्या आधी स्वतःच्या रुमालाने टेबल पुसायच्या, कप उजेडात धरून बघायच्या आणि आठवड्यातून दोनदा तरी कॉफी परत पाठवायच्या. नणंद त्यांना पाठीमागे तपासणी अधिकारी म्हणायची, आणि त्यांच्या तडाख्यात सापडू नये म्हणून आठच्या आत कामावर यायची नाही.

"नाक गेलंय ना तुझं?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आजारी माणसं बघण्यातच जन्म गेला. घाबरू नकोस, नाही सांगत कुणाला. रोज सकाळी मी सांगत जाईन, तू काढत जा."

वहिनीला इतकं हायसं वाटलं, की तिथेच रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "बस इथे जरा. अशी जवळ बस. हल्ली कुणी इतकं जवळ बसत नाही."

असं ते रोजचं सुरू झालं. सातला बाई कोपऱ्यात असायच्या. यंत्राच्या घरघरीत त्या कधी आल्या ते वहिनीला कळायचं नाही. मागे वळलं की बसलेल्या दिसायच्या. काढ म्हटलं की ती काढायची. त्यांच्यापुढे ठेवलेला कप तसाच भरलेला राहायचा, पण त्यात नवल ते काय? बाईंना कॉफी पसंत पडणं हाच मोठा प्रसंग असे. नणंद यायच्या आत त्या निघून गेलेल्या असत. दुकान पुन्हा भरू लागलं. जुनी गिऱ्हाइकं म्हणत, आजारपणानंतर वहिनीचा हात सुधारलाच आहे उलट.

एकच गोष्ट खटकत होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी कुणी टिकत नव्हतं. पूर्वी त्या जागेसाठी लोक ताटकळत. आता येत, बसत, एकमेकांकडे बघत आणि कप उचलून दुसरीकडे जात. एका जोडप्याने तर कॉफी अर्धी टाकली.

"वास मारतंय तिथे," नणंद म्हणाली. "तुला येत नाही?"

"येतो ना," वहिनी म्हणाली. "बोलावलंय प्लंबरला."

प्लंबर म्हणजे दुकानाचा जुना माणूस, बोलघेवडा. त्याने फरशीवर ठोकून पाहिलं, पालथं पडून हुंगलं. मग उठून टेबलासमोरच्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिला. हत्यारं पिशवीत भरताना त्याचा आवाज खाली आला होता.

"वहिनी, या कोपऱ्यात ना नळ, ना गटार. खाली काही नाहीच. वास आहे, पण तो… जमिनीतून येत नाही. एवढ्या उंचीवर येतोय." त्याने हात छातीपाशी धरून दाखवला. "माणूस खुर्चीत बसला की त्याचं तोंड येतं ना, तिथे."

कॉफी घेऊन जा म्हटलं तर तो थांबला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी एक उंच, वाकलेला माणूस आला. दारातच म्हणाला, "माझी आत्या इथे यायची. मेट्रन होती. तिचं बसायचं टेबल कुठलं?"

"यायच्या काय, रोज येतात की," वहिनी हसून म्हणाली. "आज सकाळीच…"

"आत्या जाऊन दीड महिना झाला," तो म्हणाला.

नणंदेने हातातला कप खाली ठेवला. भाचा सांगत होता, आणि वहिनी काउंटरची कड धरून ऐकत होती. बाई एकट्याच राहायच्या. तो दुसऱ्या गावी. गेल्या ते पाच दिवस कुणाला कळलं नाही. शेजाऱ्यांना वास यायला लागला तेव्हा दार फोडलं.

"रोज कुठे जायची तर फक्त इथे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, त्यामुळे ते जास्तच लागलं. "म्हटलं, निदान इथे कुणाला तरी चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं असेल."

"दुकान बंद होतं," वहिनी म्हणाली. "मी तापात होते." दुकान उघडं असतं तर पहिल्याच सकाळी सव्वासातला आपण त्यांच्या घरी माणूस धाडला असता, हे ती मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि मग तिला शटर आठवलं. सकाळी ते गुडघ्याइतकंच वर असतं. पूर्वी सातला बाई बाहेरून हाक मारायच्या आणि वहिनी ते वर करायची, तापानंतर ती हाक आलीच नव्हती. बाईंचे गुडघे तर जिना चढताना सुद्धा वाकत नसत.

भाचा कोपऱ्यात जाऊन खुर्चीत टेकला. दोन श्वास घेतले असतील. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हाच…" एवढंच तो म्हणाला आणि तोंडावर हात दाबून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी जावं की जाऊ नये, यात वहिनीने पहाट काढली. शेवटी गेली. बिया भाजायला दुसरं कुणी सांगणारं नव्हतं, हे एक. पण खरं सांगायचं तर तिला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. जिवंतपणी बाईंना कुणी पाच दिवस विचारलं नाही, आणि आता आपणही शटर पाडून घरी बसायचं, हे तिला जमेना.

यंत्र घरघरत होतं. तिने मागे पाहिलं नाही.

"काढ," आवाज आला. आणि थोड्या वेळाने, "भाचा येऊन गेला ना? हळवा आहे पोरगा."

वहिनी वळली. बाई रुमालाने टेबल पुसत होत्या, तेच तेच पुसत होत्या.

"माझ्या वॉर्डात मी कधी वास येऊ दिला नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. डॉक्टर म्हणायचे, मेट्रनच्या वॉर्डात पान मांडून जेवायला बसावं. आणि शेवटी माझ्याच खोलीला… लोक नाकाला रुमाल लावून आत आले गं. मला बघवेना ते."

वहिनी जाऊन समोरच्या खुर्चीत बसली. "मला नाही येत वास," ती म्हणाली.

"म्हणून तर येते."

त्यानंतर दहा-बारा दिवस बरे गेले. असं म्हणणं विचित्र आहे, पण ते बरेच गेले. बाई वॉर्डातले किस्से सांगायच्या, वहिनी सासरची गाऱ्हाणी सांगायची, आणि एकदा तर नणंदेच्या घोरण्यावरून दोघी खूप हसल्या. त्या हसण्यात दुसऱ्या बाजूने श्वासाचा आवाज येत नाही हे वहिनीला कळत होतं. तिने ते मनावर घेतलं नाही.

मग एका सकाळी यंत्रातून ओल्या गवताचा वास आला.

अगदी पुसट. वहिनीने डोळे मिटले. पाव भाजल्याचा आला. आपलं नाक, आपलं दुकान, सगळं परत आलं होतं. साखरेचा वास आला आणि तिने कुणी सांगायच्या आत दांडा ओढला. आणि त्याच वेळी मागून दुसरा वास आला. फिनेलचा, औषधांचा, आणि त्यांच्याखाली गोडसर, जड, घशात उतरणारा.

नाक मुरडायचं नाही, काही झालं तरी मुरडायचं नाही, असं तिने कधीचं ठरवून ठेवलं होतं. ती हसऱ्या चेहऱ्याने वळली. पण तिचा हात आपसूक नाकाकडे गेला. तिने तो अर्ध्यातून खाली घेतला.

बाईंनी पाहिलं होतं.

"आज भाजणी छान झाली," त्या हळूच म्हणाल्या. "तुझी तुलाच जमली." धुराने वहिनीच्या डोळ्यांची उघडझाप झाली, तेवढ्यात खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कोपऱ्यातल्या टेबलाशी पुन्हा गर्दी व्हायला लागली. गेला एकदाचा तो वास, असं नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. दुकान चालत होतं, कॉफी उत्तम होत होती, आणि वहिनीला घास गोड लागत नव्हता. सगळ्या जगाने केलं तेच आपण केलं, तेही समोर बसून. आठ दिवस तिने हे सोसलं. नवव्या सकाळी तिने औषधाच्या डब्यातून कापूस घेतला, दोन बोळे केले आणि नाकपुड्यांत घट्ट बसवले. यंत्र सुरू केलं. बिया जळाल्या तर जळू देत.

"काढ," मागून आवाज आला.

तिने दांडा ओढला.

"बिया नाही. कापूस काढ तो."

बाई समोर उभ्या होत्या. इतक्या जवळ त्या कधी आल्या नव्हत्या.

"असू दे," वहिनी म्हणाली. आवाज चोंदलेला, स्वतःचाच ओळखू न येणारा. "तुम्ही बसा. मला काही येत नाही… बघा. या ना रोज."

"कापूस घातलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिलीत, मुली. मीच घातलाय तो त्यांच्या नाकात. अशी उभी राहून बोलणारी तू पहिलीच." बाईंनी हात पुढे केला. बोटं गार होती, पण सराईत आणि हलकी. एक बोळा लगेच निघाला. दुसरा निघेना. त्या ओढत राहिल्या, कापूस येत राहिला… वीतभर, हातभर… वहिनीने एवढा घातलाच नव्हता.

शेवटी तो निघाला. बाईंनी त्याची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवला.

"मला बोलवायला कुणीच आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तू बोलावलंस." त्यांनी वहिनीच्या गालावर हात ठेवला, आणि मग तिथे कुणी नव्हतं.

वहिनी कोपऱ्यात गेली. खुर्चीवर वाकून तिने मुद्दाम खोल श्वास घेतला. लाकूड, साबण आणि कॉफी. घाण अशी कुठेच नव्हती. तिला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं, आणि बाईंसाठी ती पोटभर रडली.

आठला नणंदेने शटर पूर्ण वर केलं, बडबडतच आत आली आणि मधेच थांबली. ती कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली, वाकून हुंगलं, मान हलवली. मग काउंटरमागे वहिनीपाशी आली, नाकाकडे नेलेला हात अर्ध्यातून खाली घेतला आणि एक पाऊल मागे सरली.

"काय गं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही."

वहिनीने स्वतःची बाही हुंगली, हात हुंगले. कॉफीचा वास येत होता, दुसरा कुठलाच नाही.

"तुला बरं वाटतंय ना, वहिनी?" नणंदेने तिच्या कपाळाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. "गार लागतेयस." तिने खिडक्या उघडल्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, वहिनीच्या हातून कप घेतला आणि सगळ्यात लांबच्या टेबलाशी जाऊन बसलं. दुसरं आलं, तेही तिकडेच गेलं.

नणंद मात्र हलली नाही. एप्रन बांधून ती वहिनीला खेटून उभी राहिली, कप पुसत, डोळ्यांत पाणी येत असताना, तोंडाने श्वास घेत.