दोन दारांचं औषध

"मॅडम, लवकर या! आता विराजलेही ताप भरला!"

पूर्णिमाचा फोन ऐकून कौमुदीने बॅग उचलली. पूर्णिमाची थोरली मुलगी, विराजची बहीण देवश्री कालच पिवळीधमक होऊन दवाखान्यात बेशुद्ध पडली होती. साथीच्या आजारांचा तपास करणारी कौमुदी नवा रायपूरच्या ऑफिसातून तडक तात्यापारा वस्तीतल्या त्यांच्या घरी पोचली.

देवश्रीच्या रक्तात सापडला होता सर्दीतापाचा नेहमीचाच विषाणू. डॉक्टरांनी त्याच्यावरच बोट ठेवलं. पण तो तर तिच्या अर्ध्या वर्गाला होऊन गेला होता, आणि ती पोरं मैदानात हुंदडत होती! मग मेला हिच्याच जिवावर का उठला?

"औषध काय दिलंत?" तिने पूर्णिमाला विचारलं.

"तापाचं शिरप. डॉक्टरनं सांगितलं तेवढंच, देवाशप्पथ!" पॅरासिटामॉलची बाटली दाखवत पूर्णिमा रडू लागली. "पोट्टी काही खाऊन नाही राहिली होती. विराजलेही आत्ताच पाजलं."

"घरात अजून कोण?"

पूर्णिमाने अंगणापलीकडच्या दाराकडे नुसती मान उडवली. "जाऊबाई. दिवाळीपासून आमचं बोलणं बंद आहे. पोरं जातात-येतात."

जाऊ वनमालाबाई पलीकडच्या दारातच भेटल्या.

"आजारपणात देवश्री इकडे येत होती?"

"हव, येत होती. माह्या मांडीवरच झोपे."

"काही दिलंत तिला?"

"मी काहून देऊ?" बाईंची नजर खिडकीकडे वळली. तिथे एक चिकट, गुलाबी चमचा पडला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

तेवढ्यात विराज कण्हत आला. बाईंना राहवेना. त्यांनी कोनाड्यातली बाटली काढून चमचा भरला.

"थांबा!" कौमुदीने त्यांचा हात धरला. तिने बाटली घेऊन लेबल वाचलं. नाव पूर्णिमाच्या बाटलीपेक्षा निराळं होतं, आत तेच पॅरासिटामॉल.

तिने आधी दवाखान्यात फोन लावला. "देवश्रीला पॅरासिटामॉल जास्त झालंय. उतारा सुरू करा, आत्ताच्या आत्ता!"

मग तिने दोघी जावांना अंगणात उभं केलं.

"विषाणूने ताप आणला, भूक मारली. त्याचा हात तेवढाच. उपाशी पोरीला एकच औषध दोन दारांतून, दोन नावांनी, रोज दुप्पट गेलं. यकृत कसं टिकेल? तुमचं दोघींचं माप बरोबर होतं हो, पण एकमेकींना विचारलं का कोणी?"

वनमालाबाईंनी पूर्णिमाकडे बोट केलं. "मले वाटे, हिचं लक्षच नाही पोट्टीकडे. चोरून पाजत होती मी. माह्याच हातानं, बाई!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. देवश्रीने डोळे उघडले होते.

संध्याकाळी विराजचं अंग पुन्हा तापलं. वनमालाबाई अंगण ओलांडून आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या.

"पूर्णिमा, याले औषध देलं का वं तू?"

पूर्णिमाने डोळे पुसले.

"नाही ताई. तुम्ही द्या."