डाव्या पायाची नोंद

सकाळी अकरा वाजता इस्पितळाच्या तळघरातलं कपाट उघडलं, तेव्हा गुंगीच्या इंजेक्शनांचा खोका गायब होता. वहीतली नोंद मात्र चोख: 'दहा वाजता. मोठ्या डॉक्टरांनी नेला.' खाली भांडारवालीची सही.

घोळ एवढाच, की दहा वाजता मोठे डॉक्टर ऑपरेशन करत होते. साक्षीला पाच माणसं. सहावा पेशंट, तो बेशुद्ध, म्हणून हिशेबात धरला नाही.

तपासणीस बाई हवालदाराला घेऊन आल्या. मागोमाग मोठे डॉक्टर दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरले.

"ही खोटं बोलतेय. आजच्या आज आत टाका हिला."

भांडारवाली त्यांच्या तोंडाकडे नाही, बुटांकडे बघत होती. "हे कोण?" तिनं हळूच विचारलं.

"झालं! आता नाटकं सुरू."

बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. "तुम्हाला माणसं ओळखू येत नाहीत?"

"चेहरे नाही येत. लहानपणापासून. इथे कुणाला बोलले नाही, नोकरीच गेली असती."

"मग काम कसं चालतं?"

"घरी एक वही आहे. त्यात प्रत्येकाची खूण लिहिलीय. रोज चहा पिता पिता पाठ करते."

"मोठ्या डॉक्टरांची खूण?"

"पांढरा कोट. डावा पाय ओढतात. दहाला तसेच आले."

"बोलले काही?"

"नाही. नुसता हात पुढे केला."

"घरी कोण असतं?"

"धाकटा भाऊ. दुसरं आहे कोण मला? त्याची खूण पहिल्या पानावर. हिरवा मफलर. मी चुकू नये म्हणून उन्हाळ्यातसुद्धा काढत नाही बिचारा."

बाईंनी हवालदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. तो गेला.

तासाभरानं बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "तुमचा पाय कधी बरा झाला?"

"पायाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले. त्यानंतर तळघरात आजच उतरलो."

"म्हणजे आज जो लंगडत आला, त्यानं तुमची आताची चाल पाहिलीच नव्हती. त्यानं ती वाचली होती. जुनी नोंद, आणि ती फक्त एका वहीत." बाई भांडारवालीकडे वळल्या. "वही घराबाहेर जात नाही. शिवाय तो बोलला नाही. का? चेहऱ्याची त्याला भीती नव्हती. आवाजाची होती. तुम्हाला कुणाचा आवाज झोपेतही ओळखू येतो, ताई?"

"तो नाही," ती म्हणाली. "त्यालाच बोलवा. तोच सांगेल तुम्हाला."

दार उघडलं. हवालदारानं खोका टेबलावर ठेवला; तीन बाटल्या कमी होत्या. त्याच्या मागे एक माणूस उभा होता. बाही कोपरापर्यंत वर, हातावर सुयांच्या खुणा. गळा उघडा.

भांडारवालीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिनं खुर्ची बाजूला सरकवून त्याला वाट करून दिली, परक्याला देतात तशी.

"मफलर कुठाय?" बाईंनी विचारलं.

त्या माणसानं खिशातून हिरव्या लोकरीचं टोक अर्धं बाहेर काढलं आणि पुन्हा आत कोंबलं.

भांडारवाली सावकाश खाली बसली.

"बोल," ती म्हणाली. "एकदा बोल काहीतरी. तू नाहीस, एवढं तरी कळू दे मला."

तो जमिनीकडे बघत राहिला. सकाळी दहाला होता, तसाच गप्प.