रिकामा फेस

"बाटली साबणाने धुतलीस ना? खरं सांग," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच मावशीने विचारलं आणि भोंग्याचं तोंड एवढंसं झालं.

भोंगा म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या खारीताईचा धाकटा भाऊ. त्याने कानात गुपित सांगितलं तरी ते चार घरं पलीकडे ऐकू जाई. आज मात्र तो पुटपुटला, की बाटल्या ताईने विसळल्या, त्याही नुसत्या पाण्याने. खारीने मान डोलावली.

सुट्टी लागल्यापासून ही दोघं आणि मावशीचा मुलगा चष्मिस किनाऱ्यावरचा फेस गोळा करत होती. हे काम ऐकून भोंगा आधी पोट धरधरून हसला होता. पण मावशी समुद्रातल्या बुरशीचा अभ्यास करत होती. ब्रेडवर येते तिचीच ही भावंडं, फक्त खाऱ्या पाण्यात राहणारी आणि नाना तऱ्हेची. कुणी वाहून आलेली लाकडं कुजवून खाते, कुणी मेलेलं शेवाळ, कुणी खेकड्यांची टाकलेली कवचं. कुणी तर जिवंत शेवाळावरच डल्ला मारते. या बुरशीच्या कितीतरी जातींच्या बीजाणूंना केसाहून बारीक हात असतात. त्या हातांनी ते बुडबुड्यांत अडकतात, म्हणून त्यांना शोधायचं तर फेस भरून आणायचा. पलीकडच्या खडकांवरचा फेस काचेखाली ठेवला की चांदण्या, सुया, काटेचमचे दिसत. खारीच्या बाबांच्या खाडीतल्या फेसात मात्र आज सलग चौथ्या दिवशी काहीच नव्हतं, नुसते साबणासारखे बुडबुडे.

तसं बाबांच्या खाडीत सध्या चांगलं काहीच नव्हतं. जाळीच्या टोपल्यांत त्यांनी दोन वर्षं वाढवलेली कालवं पंधरा दिवसांपासून मरत होती. कुजका वास घरापर्यंत येई आणि आभाळ रोज दाटलेलं असे. शेजारच्या मासळी कारखान्याचा मॅनेजर गावभर सांगत सुटला होता, की हा माणूस टोपल्या साफ ठेवत नाही, त्यातूनच रोग आला. गुरुवारी तपासनीस येणार होते. त्यांनाही हे पटलं, तर बाबांचा परवाना जाणार होता. बाबा कुणाशी बोलत नव्हते, अर्ध्या ताटावरून उठत होते. आणि खारीच्या मनात येई, मॅनेजर खरंच तर बोलत नसेल? मग तिला स्वतःचाच राग येई.

"आम्ही साबण लावला नाही," चष्मिस सावकाश म्हणाला, "तरी फेस साबणाचा. मग समुद्राला साबण कोणी लावला?"

मावशीने आता डोळा काढला आणि तिघांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिघं सकाळपासून खाडीशी ठाण मांडून बसली. वारा पडलेला, पाणी संथ. तरी फेस आलाच, तोही दोनदा आणि दोन्ही वेळा कारखान्याचा भोंगा वाजल्यावर थोड्या वेळाने.

"माझं नाव उगाच बदनाम," आपला भोंगा कुरकुरला.

फेसाचा माग काढत गेल्यावर गवतात दडलेला जाड पाइप सापडला. मावशी मॅनेजरला विचारायला गेली. तो पाइप कित्येक वर्षं बंद आहे, झडपेची किल्लीसुद्धा हरवली आहे, असं तो म्हणाला. समुद्राला फेस येणारच बाई, असंही वर ऐकवलं.

गुरुवारी तपासनीस आले तेव्हा पाइप ठणठणीत कोरडा होता. साहेबांनी टोपल्यांमध्ये वाकून पाहिलं, नाक दाबलं आणि काहीतरी लिहून घेतलं. बाबा खाली मान घालून उभे होते. साहेब गाडीकडे वळले तशी खारी धावत गेली, दोनदा आलेल्या फेसाची गोष्ट एका दमात सांगून टाकली आणि म्हणाली, "साहेब, गाडी जाऊ दे. तुम्ही थांबा."

साहेबांना गंमत वाटली असावी. रिकामी गाडी धूळ उडवत गेली. साहेब मुलांबरोबर उपड्या होडीमागे उकिडवे बसले. भोंग्याच्या तोंडावर चष्मिसने हात ठेवला होता.

कारखान्याचा भोंगा झाला. पाइप गुरगुरला आणि पांढऱ्याशुभ्र फेसाचा लोट खाडीत पडला. साहेबांनी स्वतःच्या हाताने बाटली भरली. वर झडपेपाशी मॅनेजर उभा होता आणि 'हरवलेली' किल्ली त्याच्याच हातात होती. गाळणीची टाकी बिघडल्यापासून कारखान्याच्या फरशा साबणाने धुतलेलं सगळं पाणी तो इथेच सोडत होता. साहेब होडीमागून उठले तेव्हा त्याने किल्ली पाठीमागे लपवली.

संध्याकाळपर्यंत पाइपला सील लागलं आणि बाबांचा परवाना वाचला. साहेबांनी तिघांशी हात मिळवले. मोठ्यांनाही न सुचलेलं या पोरांनी करून दाखवलं, असं ते चारचौघांत म्हणाले. मावशीने नोंदवहीत 'फेस गोळा करणारे' म्हणून तिघांची नावं घातली. मेलेली कालवं मात्र मेलेलीच होती.

अंधारून यायच्या आधी बाबा मावशीच्या खोलीत आले. काचेखालच्या चांदण्या त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"हे आपल्या पाण्यात होतं?"

"असणार. परतही येईल, पण वेळ लागेल," मावशी म्हणाली.

बाबा स्टुलावर बसले. "पंधरा दिवस मी माझीच चूक शोधत होतो," ते म्हणाले. "कुठली टोपली धुवायची राहिली, तेच आठवत बसायचो."

खारीला रडू आवरेना. "बाबा, मलाही वाटलं होतं, तुमचंच चुकलं असेल."

बाबांनी तिला जवळ ओढलं. "वाटलं, आणि तरी खरं कारण शोधत राहिलीस," ते म्हणाले. "मला ते जमलं नव्हतं, बाळा."