डावी पाकळी

सोमवारी सकाळी मी डिचोलीच्या बाजारातून पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब घेतली. स्कूटर ठणठणीत होती. ते मला देवाच्या छातीला लावायचं होतं.

हसू नका. मी उच्च माध्यमिकमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. देवाशी माझं भांडण नाही, ओळख नाही एवढंच. पण माझा थोरला भाऊ शंभूदादा हळर्णला शेती बघतो, आणि गावच्या देवाला, राष्ट्रोळीला, विचारल्याशिवाय तो काजूची फांदीसुद्धा तोडत नाही. त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. गुरुवारची तारीख मिळाली होती. ती टळली तर पुढच्या महिन्याची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दादाचं एकच पालुपद. "देवान कौल दिल्यान तर येतंय."

आमच्याकडे कौल पाकळ्यांवर लावतात. पुजारी पिटकुळीच्या फुलाची एकेक ओली लाल पाकळी मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाणी सुकतं, पाकळी पडते. यात देव कुठे येतो ते मला कधी कळलं नाही, आणि असल्या भरवशावर मी भावाचा जीव सोडणार नव्हतो.

त्याच दिवशी देवळात पुजारी गोकुळदासमामा विहिरीवर पाण्याला गेले, दादा बाहेर पायरीवर धापा टाकत बसला होता. तेवढ्यात मी गाभाऱ्यात शिरलो. आत तेलाचा आणि वटवाघळांचा वास कोंडला होता. मूर्तीच्या डाव्या अंगाला बोटानं सोल्युशन फासलं. दगड गार लागेल असं वाटलं होतं. तो कोमट होता, माणसाच्या अंगाइतका. उन्हानं तापला असेल, असं मी मनाला सांगितलं. त्या गाभाऱ्यात ऊन येत नाही, हे मला बाहेर आल्यावर आठवलं.

मामांनी पाकळ्या लावल्या. उदबत्तीच्या धुरात सोल्युशनचा वास लपला.

"बा राष्ट्रोळी म्हाराजा... ह्या तुझ्या लेकरान गुरवारी काळजाचा आपरेशन करून घेवचा काय नाय, तां तू सांग... होय तर उजवी दी... नाय तर डावी..."

आम्ही बसलो. रानात किरकिर चालली होती, ती मध्येच थांबली. वातीचं चरचरणं तेवढं ऐकू येत होतं. उजवी पाकळी सुकत चालली होती, तिची कड दगडापासून सुटली होती. आता पडेल, आता पडेल, म्हणून मी मुठी आवळून बसलो होतो.

मग आवाज आला. अगदी बारीक. जखमेवरची जुनी पट्टी केसांसकट ओढावी तसा. डावी पाकळी वरून खालपर्यंत सावकाश सोलली गेली आणि खाली पडली.

दादानं हात जोडले. चेहरा शांत.  मी त्याला धरून बाहेर पायरीवर आणलं आणि सगळं सांगून टाकलं.

"दादा, ती पाकळी पडाकच शक्य नाय होती. मी खाली सोल्युशन लावलंय."

तो रागावला नाही, ते अधिक वाईट होतं.

"म्हणजे ती चिकटयलेली होती?"

"होय."

"आणि तरी पडली..." तो हळूच म्हणाला. "आजपर्यंत मी देवाक नुसतो मानी होतंय, गौरेश. तुझा आयकान गुरवारी गेलोसुद्धा असतंय. आता कसो जातलंय? पुरावो तूच दिलंस."

मी धावत आत गेलो. मूर्तीच्या डाव्या अंगाला बोट टेकवलं. ते चिकटलं. ओढून काढताना कातडी दुखली.

संध्याकाळी हळर्णच्या घरी अंघोळीला गेलो, शर्ट काढला, आणि हात जिथल्या तिथे राहिला. माझ्या छातीवर दोन लाल पाकळ्या होत्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. ओल्या, ताज्या. झटकायला हात उचलला, पण झटकवेना. कुठली आधी पडेल, ते मला बघायचं नव्हतं.

तेवढ्यात दारापलीकडून दादाचा आवाज आला, दम लागलेला.

"गौरेश... देवान सांगल्यान तां आयकलंय. पण भंय दिसता रे. आता तुका विचारतंय. तू शिकलेलो... जांव काय मी गुरवारी?"

होय. एवढंच म्हणायचं होतं. त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. पण बोलायचं तर श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेतला की छाती हलते. डाव्या पाकळीची कड सुटायला लागली होती.

"गौरेश...?"

मी श्वास धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं त्याची पावलं पडवीकडे गेली.

गुरुवार होऊन गेला. दादा आहे अजून. रात्री आडवं झालं की गुदमरतो, म्हणून पडवीत बसूनच झोपतो. मला काही विचारत नाही. डॉक्टरांचा फोन मी उचलत नाही. देव मानता का, असं कोणी विचारलंच, तर नाही म्हणतो, पण जपून म्हणतो, छाती हलू न देता. पाकळ्या तशाच आहेत. अजून ओल्या आहेत.

बघायच्या असतील तर बटणं काढतो. फक्त त्या दिसत असताना मला काही विचारू नका.