डाव्या हाताच्या रेघा

कुणाला पटो न पटो, पण हे घडलंय. डहाणूजवळच्या आगर गावात, गेल्या वर्षी ऑक्टोबरात. तेही भर दुपारी.

भारती डहाणू रोडच्या बाजारात मासे विकायची. तिची एकुलती एक लेक, रविना, चित्रकलेच्या कॉलेजात होती. सप्टेंबरात तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. वीस वर्षांची पोर.

तिच्या खोलीत ड्रॉइंग बोर्डावर एक चित्र अर्धवट राहिलं होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या कुण्या सरदार घराण्यातल्या बाईचं. पुस्तकात बघून रविना तांबड्या खडूने त्याची नक्कल करत होती. फक्त डोळे राहिले होते.

भारतीने त्या खोलीला कडी घातली, ती महिनाभर काढलीच नाही.

त्या दुपारी नवरा मोतीराम बोटीवर होता. भारती बाजारातून आली, डोक्यावरची टोपली उतरवली आणि थबकली.

बंद खोलीतून आवाज येत होता...

सर्र... सर्र...

कागदावर खडू फिरावा तसा.

तिने कडी काढली. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. फरशीवर तांबडी भुकटी सांडली होती.

आणि चित्रातल्या बाईला... एक डोळा आला होता.

दुसऱ्या दिवशी तिने रविनाच्या तुषार सरांना बोलावून घेतलं. ते चित्राजवळ वाकले.

"काकी, हे कुणी काढलं?"

"मला ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"डोळ्याखालच्या रेघा बघा, उलट्या कलल्यात. डाव्या हाताने काढल्यात." सर म्हणाले. "माझ्या वर्गात डावखुरी एकटी रविनाच होती... आता एकच डोळा राहिलाय."

ते शेवटचं वाक्य भारतीच्या काळजात रुतलं. चित्र पुरं झालं, की पोर पुन्हा येणार नाही.

सर गेल्यावर तिने खडूंचा डबा उचलला आणि पेटीत कुलपाआड ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेलीच नाही. दाराला टेकून बसली.

तीन वाजले...

आवाज आला. पण खडूचा नव्हता.

कागदावर नखं घासत होती.

"रविना... बाय, तू आहेस ना?"

नखं थांबली. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाली... जास्त जोरात.

पाच दुपारी हेच चाललं. भारती कानांवर हात दाबून बसायची, पण उठायची नाही. लेक दारापलीकडे होती ना.

सहाव्या दिवशी तिने आत जाऊन पाहिलं. कागदावर ओरखडे होते. ओरखड्यांत लाली होती.

तिने बोट लावलं...

ओली होती.

भारती तिथेच खाली बसली. मग उठून पेटी उघडली, डबा आणून बोर्डापाशी ठेवला.

"घे बाय. मीच अडवलं तुला. कर पुरं."

तिने दार लोटून घेतलं. सर्र... सर्र... तासभर ती एकेक रेघ ऐकत राहिली. मग सगळं शांत झालं.

दुसरा डोळा आला होता. त्यानंतर त्या खोलीतून कधीच काही ऐकू आलं नाही.

तुषार सरांनी आता आगरला जाणं कमी केलंय. भारती त्यांना दर वेळी एकच विचारते.

"सर, गेलेल्या माणसाला दुखतं का हो?"